कागदावर एकच नाव

मी एकतीस वर्षं एसटी चालवली, मालवण डेपोला. एवढ्या वर्षांत माझ्या स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. एकदा खारेपाटणच्या मुक्कामाच्या गाडीवर असताना एका पुढाऱ्याचा मुलगा केबिनमध्ये चढला आणि म्हणाला, काका, पुढच्या थांब्यापर्यंत जरा मला द्या. मी गाडी बाजूला घेतली, भर रस्त्यात त्याला उतरवला आणि त्याच्या बापाला डेपो मॅनेजरकडे तक्रार करायला सांगितलं. गाडी ज्याच्या ताब्यात दिलीय त्यानेच ती चालवायची, एवढी अक्कल मला होती. गेल्या वर्षी ऐन वेळेला ती अक्कल कुठे शेण खायला गेली होती, ते मला अजून कळलेलं नाही.

आमची वाडी कर्लीच्या खाडीकाठी. माझं घर, मग चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, आणि पलीकडे काशीबाईचं घर. तिचा नवरा लवकर गेला. काजूच्या कारखान्यात बिया सोलून तिने दीपेशला वाढवला. माझा मिहीर त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. काशीबाईकडे तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सांबारं असलं की मिहीर आमच्या ताटावरून उठून तिकडे जायचा आणि माझी बायको लीला म्हणायची, हा नेमका कुणाचा ते एकदा ठरवून टाका. गडग्यातले चार चिरे काढून दोन्ही घरांनी मधे वाट ठेवली होती. ती कुणी केली, कधी केली, कुणाला आठवत नव्हतं.

मिहीर मस्कतला एसी बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी त्याचा फोन आला, बाबा, गाडी घेतली. मग त्याने नीट समजावलं. घेतली म्हणजे लीजवर घेतली. पगाराचं पत्र द्यायचं, तिथलं रहिवासी कार्ड दाखवायचं, लायसन दाखवायचं. महिन्याला ठरलेलं भाडं. सर्व्हिसिंग त्यांचं, विमा त्यांचा, तीन वर्षं झाली की किल्ली परत करायची. तिथे आपण किती वर्षं राहू ते आपल्या हातात नाही, व्हिसा आज आहे उद्या नाही, त्यामुळे बाहेरून आलेली बरीच माणसं असंच करतात म्हणाला. शेवटी हसून म्हणाला की तुमच्यासारखाच नियम आहे, कागदावर एकच नाव, माझं. दुसऱ्या कुणी चालवली आणि काही झालं तर विमा नाही.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. लीज हा शब्द मी नीट ऐकला आणि गिळून टाकला. आयुष्यभर मी सरकारची गाडी चालवली, दारात माझी म्हणून कधी सायकलच्या पुढे काही उभं राहिलं नाही. मुलाने गाडी घेतली एवढंच मला ऐकायचं होतं, आणि ते मी संध्याकाळपर्यंत वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचवलं.

काशीबाई मनापासून खूश झाली. देवाला नारळ ठेवायला पाहिजे, हे तीच म्हणाली. आमच्याकडे नवी वस्तू आली की रवळनाथासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, वस्तू परदेशात असली म्हणून काय झालं. सोमवारी आम्ही देवळात गेलो. गाऱ्हाणं घालायचा मान दाजींचा. दाजी माणूस चौकस. आखातातल्या पुष्कळ जणांना कंपनी गाडी देते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नारळ हातात घेतला आणि विचारलं, गाडी कंपनीची की स्वतःची? देवाला काय ते बरोबर सांगायला हवं. वीसेक माणसं उभी होती. मी म्हटलं, स्वतःची. लीला माझ्या बाजूलाच होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

दाजींनी आवाज लावला. "बा म्हाराजा रवळनाथा, ह्या सदानंदाच्या झिलान मस्कताक सवताची गाडी घेतल्यान हा. ती सांभाळ. तिच्यात बसतलो तेका सुखरूप ठेव, म्हाराजा." आणि सगळ्यांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं. काशीबाईने सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

दीपेश आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला होता. कामं मिळायची, पण तुटकतुटक. गेल्या वर्षी व्हिजिट व्हिसावर तो मस्कतला गेला, मिहीरकडेच उतरला. जाण्याआधी ओरोसला आरटीओत खेटे घालून त्याने आंतरराष्ट्रीय लायसन काढून घेतलं. मिहीरदादाची गाडी आहे म्हणाला, उपयोगी पडेल. गाडी चालवायला त्याला मीच शिकवली होती, आमच्याच मैदानावर, कुणाच्या तरी टेम्पोवर. हात चांगला होता त्याचा. घाई नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. सोहारला, मस्कतपासून दोनशेच्या वर किलोमीटर. काशीबाई गडग्याच्या वाटेत येऊन उभी राहिली. पोराला भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, मिहीरला सांगून तो नीट पोचेल एवढं बघा, इतकंच तिचं म्हणणं होतं. तिने गाडी मागितली नव्हती. हे मी पुन्हा सांगतो, तिने गाडी मागितली नव्हती.

मीच म्हटलं, "पोचवूचा काय तेतूर? गाडी आसा मां घरची. घेवन जांवदे."

तिचा चेहरा एवढा खुलला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बोलून बसलो आणि घरात येऊन मिहीरला फोन लावला. त्याने सगळी व्यवस्था आधीच केली होती. मुलाखत सोमवारी, त्याला सुट्टी नव्हती, म्हणून बसचं तिकीट काढलेलं. पलीकडे उतरल्यावर कुठे जायचं तेही त्याने दीपेशला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मी म्हटलं, गाडी दे. तो म्हणाला, "बाबा, गाडी देवक येवची नाय. तुमका ठावक आसा."

ठाऊक होतं. तरी मी तापलो. एकतीस वर्षं ज्याने बस चालवून पोट भरलं त्याने आपल्या मुलाला विचारलं, दारात गाडी असताना गाववाल्याला बसने पाठवतोस? लाज नाही वाटत? तो शांतपणे म्हणाला की काकीला खरं सांगा, ती समजून घेईल. काकीला काय सांगू? देवासमोर स्वतःची म्हटलेली गाडी भाड्याची आहे म्हणून सांगू? भाड्याची हा शब्द काही माझ्या घशाबाहेर येईना. मग मी आमच्यात जे शेवटचं हत्यार असतं ते काढलं. म्हटलं, बापाचा शब्द खाली पाडायचा असेल तर पाड. शेवटी तो म्हणाला, "बरा." मिहीरने लहानपणापासून मला कधी उलट उत्तर दिलं नाही. तेव्हा एकदा दिलं असतं तर.

सोमवारी दुपारी काशीबाई धावत आमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, आली. दीपेशचा फोन आला होता, आये, काम झालं, आता पेट्रोल भरतो आणि निघतो. तिच्या हातात साखरेची वाटी होती. तिने लीलाच्या तोंडात साखर घातली, माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, बघ, गाडीचा पायगुण. असं बोललो मी.

दीपेश पेट्रोल पंपावरून बाहेर पडला आणि आपल्या सवयीने डावीकडून लागला. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. समोरून ट्रक आला. मुलाखतीला जाताना तो व्यवस्थित गेला होता, कारण पुढे-मागे वाहनं होती, त्यांच्या मागून जायचं. पंपाबाहेर रस्ता मोकळा होता. रस्ता मोकळा असला की ड्रायव्हरचा हात सवयीनेच वळतो, हे मला नाही तर कुणाला कळायला हवं होतं? मी त्याला हे सांगू शकलो असतो. फोनवर मी त्याला सांगितलं ते एवढंच, की गाडी आपलीच आहे, बिनधास्त जा.

नवव्या दिवशी मोपा विमानतळावर पेटी आली. तिच्याबरोबर मिहीर नव्हता. त्याच्या नावावरची गाडी त्याने दुसऱ्याला दिली म्हणून केस झाली होती आणि ती संपेपर्यंत त्याला देश सोडता येत नव्हता. काशीबाईने रडता रडता मधेच थांबून मला विचारलं, मिहीर कुठे? मी म्हटलं, कागदपत्रांमुळे अडकलाय. खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं वाडीने आपल्या परीने भरून काढलं. परक्या मुलखात नवख्या पोराच्या हातात गाडी देऊन मोकळा झाला, सोबतसुद्धा गेला नाही, आणि आता तोंड लपवून बसलाय.

तेराव्याच्या दिवशी काशीबाईने हे सगळ्यांसमोर म्हटलं. ओरडून नाही. जेवणाची पानं मांडताना म्हटल्यासारखं म्हटलं, "गाडी दिल्यान आणि तोंड लपयल्यान. माझ्या हातचा जेवलेलो झील."

मी तिथेच बसलो होतो, तिच्यापासून दोन हातांवर. एक वाक्य पुरलं असतं. मिहीर नको म्हणाला होता, मी द्यायला लावली. सात शब्द. मी पत्रावळीचा काठ बोटाने सरळ करत बसलो.

घरी येऊन मी ते मिहीरला फोनवर सांगितलं. कशासाठी सांगितलं देव जाणे. कदाचित त्याने मला परवानगी द्यावी म्हणून, आणि ती त्याने दिली. म्हणाला, "बाबा, तुमका थंय रवाचा आसा. माझ्यार राग धरूंदेत." मुलगा किती समजूतदार आहे, असं मी लीलाला म्हणालो. लीला उठून आत गेली.

त्यानंतर काशीबाईने गडग्याची वाट काट्या टाकून बंद केली. चतुर्थीला आमच्या गणपतीच्या आरतीला ती आली नाही. विहिरीवर लीला दिसली की कळशी अर्धी भरूनच निघायची. वाडी मात्र माझ्याशी चांगली वागली. बिचारा सदानंद, मुलाने खाली मान घालायला लावली, असं म्हणायचे. मी ते ऐकून घेत होतो. माणूस किती हलकट होऊ शकतो ते बघायला लांब जावं लागत नाही.

मागच्या महिन्यात मिहीरची केस संपली. गाडीचा चुराडाच झाला होता, लीजवाल्यांनी तिची भरपाई त्याच्याकडून घेतली, तेही संपलं. गुरुवारी येतो म्हणून त्याचा फोन आला. दीपेशच्या वर्षश्राद्धाला पोचायचं होतं, तेवढं काही जमलं नाही. आल्यावर आधी काकीकडे जाणार म्हणाला. ती जे बोलेल ते सगळं ऐकून घेणार.

लीलाने फोन ठेवला. माझ्यापुढे चहा ठेवला. मग पस्तीस वर्षांच्या संसारात जे कधी केलं नव्हतं ते केलं, माझ्यासमोर उभी राहून मला हुकूम दिला. "झील येवच्या आदी तुमी जावन सांगा. नाय सांगलात तर मी सांगतलंय. आणि मगे मी ह्या घरात रवाचंय नाय."

मी रागाने काहीतरी बोलणार होतो. जित्याची खोड. पण तिचा चेहरा बघून चहा तसाच ठेवला आणि पायात चपला घातल्या.

रस्त्याने वळसा घालून गेलो. सकाळचे दहा-सव्वादहा झाले असतील. काशीबाई खळ्यात चटईवर सोलं वाळत घालत होती, कोकमाच्या रसाने तिचे हात मनगटापर्यंत लाल झालेले. तिने मान वर करून बघितलं आणि परत कामाला लागली. बसा म्हणाली नाही. मी उभाच राहिलो आणि सांगायला सुरुवात केली.

सगळं सांगितलं. गाडी भाड्याची होती, स्वतःची म्हणून मीच गावभर केलं. दाजींनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो. त्या गाडीला मिहीरशिवाय कुणी हात लावायचा नाही असं कागदावर लिहिलं होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मिहीरने बसचं तिकीट काढलं होतं. बापाचा शब्द म्हणून मी त्याचा हात पिरगळला. आणि वर्षभर तुझ्या तोंडून त्याला बोल ऐकवत गप्प बसलो. मधे मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरुवात झाली नसती.

ती ओरडेल, हातातलं काही फेकून मारेल, असं मला वाटत होतं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने हातातली सोलं एकेक करून चटईवर पसरली, मग विचारलं, "बसची तिकीट काढल्यान होती?"

मी म्हटलं, "व्हय."

"आणि तो नाय म्हणालो होतो."

"दोनदा."

ती उठली. पदराला हात पुसले, ते लाल ते लालच राहिले. माझ्याकडे सरळ बघत ती बोलली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता. "माझो एक झील गेलो, भावजी. तो देवान नेल्यान म्हणान मी मनाक समजावलंय. दुसरो जितो होतो. तेका तुमी वरसभर माझ्यासाठी मेलेलो ठेवलात."



मग तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मिहीर तिला दर शुक्रवारी फोन करत होता. वर्षभर. एकही शुक्रवार चुकला नाही. ती पुढ्यात फोन ठेवून बसायची, तो वाजून वाजून बंद पडायचा, मग ती उठून भात टाकायची. घरात तेवढाच एक आवाज असायचा म्हणाली, म्हणून फोन बंद करून ठेवावासाही वाटला नाही.

तिने खिडकीतला फोन आणून माझ्यापुढे धरला. आलेला फोन घ्यायला दीपेशने तिला शिकवलं होतं, आपण लावायला शिकवायचं राहून गेलं होतं. ती म्हणाली, "लावा."

मी लावला. दोनदा चुकला, मग लागला तसा स्पीकरवर टाकला. पहिल्याच रिंगला मिहीरने उचलला. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते, तो कामावर असणार, मागे कसलंतरी यंत्र चालू होतं. तो म्हणाला, "काकी?"

काशीबाईने माझ्या हातून फोन घेतला. तिने विचारलं, "जेवलंस रे?"

सकाळी नऊ वाजता. यंत्राचा आवाज लांब गेला, तो कुठेतरी बाजूला गेला असावा. आणि मग माझा मुलगा रडायला लागला. बत्तीस वर्षांचा माणूस. दीपेश गेल्याचं मला सांगताना तो रडला नव्हता, पोलिस स्टेशनात बसवून ठेवलं तेव्हाही नाही. मला वाटायचं, माझ्यासारखाच घट्ट आहे. माझ्यापुढे रडून मला आणखी काही लागू नये म्हणून तो गिळत होता, हे त्या खळ्यात उभं राहून मला कळलं.

काशीबाई पायरीवर बसली. फोन दोन्ही हातांनी कानाला धरून म्हणाली, "माका कळला सगळा. तुझ्या बापाशीन सांगल्यान. रडा नको, बाळा. बिस्तारवारी येतंस मां? पयलो हंयच ये. तिसऱ्यो काढूक सांगतंय."

मी तिथेच उभा होतो. तिने मला फोन द्यावा, मिहीरने बाबा कुठे आहेत म्हणून विचारावं, असं काहीतरी मनात होतं. तिने मान वळवली तेव्हा मी अजून तिथे आहे याचं तिला नवल वाटल्यासारखं दिसलं. फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "तुमी जावा आता, भावजी. माका तेच्याशी बोलूचा आसा."

मी निघालो. बेड्यापर्यंत, म्हणजे तिच्या फाटकापर्यंत, तिचा आवाज येत होता. ती त्याला दीपेशच्या शेवटच्या फोनबद्दल सांगत होती, तो काय म्हणाला, कसा हसला. हे तिने वर्षभरात कुणाला सांगितलं नसावं.

घरी आलो तेव्हा लीला ओट्यावर वाट बघत होती. मी म्हटलं, सांगितलं. ती बोलतेय मिहीरशी. लीलाने डोळ्यांना पदर लावला आणि आत जाऊन देवापुढे बसली. मी ओट्यावर एकटाच बसलो. खरं सांगितलं की ओझं उतरतं असं ऐकलं होतं. उतरलं ते मिहीरचं. बरं झालं. त्याचं ते नव्हतंच कधी.